शून्य नंबरचा बूट

आमच्या दुकानात लहान मुलांचे बूट तळमजल्यावर मागच्या अंगाला असायचे. तिथे एक वीतभर उंचीचं लाकडी स्टूल होतं. त्या स्टुलावर बसून एका माणसाने तीसहून जास्त वर्षं पोरांच्या पायांत बूट चढवले. मुलं त्यांना बूटमामा म्हणायची, मुलांचं ऐकून आईबाप म्हणायला लागले आणि शेवटी आम्ही दुकानातले सगळेही. मालकसुद्धा 'अहो मामा' अशीच हाक मारायचे. मालक त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते.

मी समोरच्या बाजूला, बायकांच्या चपलांकडे. गिऱ्हाईक नसलं की मला मामांचं काम समोर दिसायचं, आणि खरं सांगायचं तर करमणूकही व्हायची. मोठ्या माणसाला बूट दाखवणं सोपं. त्याला आवडला तर घेतो, नाही तर उठतो. लहान मूल म्हणजे वेगळंच प्रकरण. ते बोटं आत दुमडून घेतं. ते टाच टेकवत नाही. बूट चावतोय का विचारलं तर 'नाही' म्हणतं, कारण त्याला तो लाल दिव्याचा बूट हवाच असतो. आणि दोन-तीन वर्षांचं असेल तर सरळ लाथ मारतं. मामांच्या हनुवटीवर एक जुना व्रण होता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "गिऱ्हाईकाने दिलेली पावती आहे."

त्यांचे वडील बुटांच्या कारखान्यात तळवे कापायचे. मामा दहावीला गणितात आपटले. 'पुन्हा बस' असं त्यांची बहीण म्हणाली, पण वर्गातल्या मास्तरांनी एकदा सगळ्यांसमोर 'याच्या डोक्यात भुसा आहे' असं म्हटलं होतं, ते त्यांनी मनाला लावून घेतलं. त्याच वर्षी वडिलांनी ओळखीने त्यांना या दुकानात चिकटवलं. तेव्हापासून आकडा म्हणजे त्यांच्या लेखी बुटाचा नंबर, एवढंच.

जादू त्यांना सापडली ती बुटातच. नवीन बूट येतात तेव्हा पुढच्या टोकात कागदाचे बोळे कोंबलेले असतात, आकार बिघडू नये म्हणून. बहुतेकदा जुनी वर्तमानपत्रं. मामांना ते बोळे सरळ करून वाचायची खोड होती. डब्याच्या सुट्टीत गुडघ्यावर कागद चोळून चोळून सपाट करायचे आणि अर्धवट बातम्या वाचून दाखवायचे. "ताई, एक माणूस विहिरीत पडला. पुढे काय झालं ते डाव्या बुटात असेल." अशा एका बोळ्यात मुलांच्या पानाचा तुकडा निघाला. त्यात लिहिलं होतं: तुमच्या बुटाचा नंबर घ्या. पाचाने गुणा. पन्नास मिळवा. आलेल्या संख्येला वीसने गुणा. त्यात एक हजार चौदा मिळवा. त्यातून तुमचं जन्मसाल वजा करा. आता उत्तराचे शेवटचे दोन आकडे म्हणजे तुमचं वय आणि त्याआधी जे उरलं तो तुमच्या बुटाचा नंबर. खालची ओळ फाटून गेली होती.

मामांनी ते आधी माझ्यावर करून पाहिलं. माझं वय बरोबर आलं. मला ते फारसं आवडलं नाही, पण बरोबर आलं.

दुसऱ्या दिवसापासून लाथा थांबल्या. लहानग्यांच्या नव्हे, त्यांना कसलं गणित. पण सात-आठ वर्षांपुढची जी पोरं तोंड फुगवून बसायची, आईशी हुज्जत घालायची, ती एकदम गप्प होऊ लागली. मामा त्यांच्या हातात खोक्याचं झाकण आणि पेन्सिल द्यायचे, स्वतः पाठ फिरवून बसायचे आणि म्हणायचे, "मला दाखवू नकोस हां. पाचाने गुण. झालं? आता पन्नास मिळव." पोरगं गुणाकारात गुंतलं की मागे हात घालून ते हळूच त्याचं पाऊल मापाच्या लोखंडी पाटीवर ठेवायचे. बोटं आपोआप सरळ झालेली असायची. शेवटी उत्तर निघालं की पोरगं स्वतःचा पाय आणि स्वतःचं वय झाकणावर लिहिलेलं बघून आधी आईकडे बघायचं आणि मग मामांकडे. तो क्षण बघायला मी माझं गिऱ्हाईकही थांबवायची.

कधी कधी वय एकाने जास्त यायचं. मामा गडबडत नसत. विचारायचे, "तुझा वाढदिवस यायचाय ना अजून?" पोरगं हो म्हणायचं. "मग जादूला घाई झाली असेल." ज्याचा वाढदिवस उरलाय त्याचंच असं होतं, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. का होतं, ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी शाळा उघडण्याच्या हंगामात मात्र जादू उलटी फिरली. आता वाढदिवस उरलेल्या मुलांचं बरोबर यायचं आणि ज्यांचा होऊन गेला त्यांचं एकाने कमी. मामांना काही कळेना. सलग चार मुलं चुकली तेव्हा ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, कागद तोच, आकडे तेच. गेल्या वर्षी पुढे धावत होतं, आता मागे राहतंय. घड्याळ आहे का काय हे?"

त्याच आठवड्यात ठकी आली.

नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या घातलेली, आईच्या मागे अर्धी लपलेली. खरं नाव काही असेल, आई तिला ठकी म्हणायची. आईने दारातूनच घाईघाईने बोलायला सुरुवात केली होती. शाळेचे काळे बूट हवेत, लवकर हवेत, आणि... पण हंगामाची गर्दी, मामांनी ते पुरतं ऐकलंच नाही. त्यांनी ठकीला खुर्चीवर बसवलं, झाकण-पेन्सिल दिली आणि पाठ फिरवून नेहमीचं सुरू केलं.

"तुझ्या बुटाचा नंबर लिही."

ती काहीच लिहीना.

"माहीत नाही का?"

"माहीत आहे," ठकी म्हणाली. "कुठल्या पायाचा लिहू?"

तिच्या आईने मान फिरवून रस्त्याकडे पाहिलं. मी हातातली चप्पल तशीच धरून उभी राहिले. मामा वळले आणि तेव्हा कुठे त्यांनी तिच्या पायांकडे नीट पाहिलं. उजवं पाऊल चांगलं बोटभर मोठं होतं. डावं लहान, आणि तो पायही थोडा आखूड. जन्मापासून तसंच, असं आई नंतर म्हणाली. एक बूट दोन नंबरचा लागायचा, एक एक नंबरचा. दर वर्षी दोन जोड घ्यायचे आणि उरलेला विजोड माळ्यावर टाकायचा. आधीच्या दुकानात विक्रेत्याने दुसऱ्या विक्रेत्याला बोलावून दाखवलं होतं.

मामांनी कोणाला बोलावलं नाही. ते एवढंच म्हणाले, "मग तुझी जादू दोनदा करावी लागणार. बाकीच्यांना एकदाच मिळते." आणि पुन्हा पाठ फिरवून बसले.

ठकीने झाकणाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला दोन घेतले, एका बाजूला एक. हळूहळू, जीभ बाहेर काढून, पाढे पुटपुटत ती गुणाकार करत होती. उजव्या पायाचं उत्तर आलं २०८. डाव्या पायाचं १०८.

"मी आठची नाही," ती म्हणाली. "मला नऊ पूर्ण झालीत."

"हो गं. ही जादू हल्ली जरा बिघडली आहे," मामा ओशाळून म्हणाले.

मला वाटलं झालं, आता ती झाकण बाजूला ठेवेल. पण ती दोन्ही उत्तरांकडे एकटक बघत होती. "मामा, दोन्ही पायांचं सारखंच चुकलंय," ती म्हणाली. "आणि माझ्या पायांत एकाचाच फरक आहे. मग इथे शंभराचा कसा झाला?"

सव्वीस वर्षांत मामांना मुलांनी पुष्कळ प्रश्न विचारले होते. हा दिवा सेलवर चालतो का, पाण्यात भिजला तर काय, तुम्हाला घरी किती बूट आहेत. त्यांना कधी उत्तर अडलं नव्हतं. आता मात्र अडलं. तरी ते खोटं बोलले नाहीत, हे मला आजही त्यांचं मोठेपण वाटतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तू परत येशील तेव्हा सांगतो."

डाव्या बुटाचा तळ जाड करायला शेजारच्या गल्लीतल्या चांभाराकडे द्यायचा होता आणि त्याला आठ दिवस लागणार होते. म्हणजे मामांना आठ दिवस मिळाले.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. मामा डबा घेऊन वरच्या माळ्यावर, खोक्यांच्या राशीत जाऊन बसायचे. मी खालून हाक मारली की वरून 'आलो' यायचं आणि माणूस काही यायचा नाही. घरीही तेच चाललं होतं. त्यांची बायको, आमची मामी, शाळेच्या गणवेशांना काजं करायची. ती एकदा दुकानात येऊन मला विचारून गेली, "ह्यांचं काही बिनसलंय का? काल भाजीच्या पिशवीवर गुणाकार केलेत."

चौथ्या-पाचव्या दिवशी मी वर चढून बघितलं. मामांनी एकापासून दहापर्यंत सगळे नंबर करून पाहिले होते, सगळे ठकीचं जन्मसाल धरून. एका झाकणावर खाली खाली ओळ लावली होती: १०८, २०८, ३०८, ४०८.

"बघा ताई, पायरी कशी शंभरा-शंभराची आहे," ते म्हणाले. "ते कळलं मला. आधी पाच पट करायचं, मग त्याची वीस पट. पाच विसे शंभर. म्हणजे नंबर शंभर पट होऊन पुढे जाऊन बसतो, मागे दोन जागा मोकळ्या ठेवतो. वयाला बसायला. पण ते आठ कुठून येतात, ते काही सापडत नाही."

"वरती जाताय तर खालतीही जाऊन बघा," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "एकाच्या खाली काय?"

"एकाच्या खाली शून्य."

"मग शून्याचा बूट घाला."

मामा हसले. मग हसता हसता त्यांनी पेन्सिल उचलली. शून्य पाच वेळा, शून्य. पन्नास मिळवले, पन्नास. वीसने गुणले, एक हजार. एक हजार चौदा मिळवले. आणि तिथे त्यांचा हात थांबला. त्यांनी झाकण माझ्याकडे वळवलं.

"ताई, हे काय आलंय, वाचा."

"दोन हजार चौदा."

"हे काय आहे?"

"गेलं साल," मी म्हणाले.

खाली कोणीतरी घंटी वाजवत होतं, तरी आम्ही दोघं तिथेच. "म्हणजे यात काही नाहीच हो," शेवटी ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "या सालातून जन्माचं साल वजा. बाळसुद्धा सांगेल. एवढे गुणाकार, एवढ्या बेरजा, ते सगळं नुसतं कपडे घालणं आहे. आत उघडं साल उभं आहे. आणि मी जानेवारीपासून गेलं साल विकत होतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी खाली पाहिलं. सत्तावीस वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना भुसा म्हणून गेलं होतं आणि त्या दिवशी, खोक्यांच्या त्या राशीत, त्यांच्या हातून पहिल्यांदा एक गणित कडेला लागलं होतं. असल्या वेळी माणसाने जिन्याकडे बघावं.

ठकी परत आली तेव्हा मामांनी उत्तर सांगून टाकलं नाही. मला वाटतं, आपल्याला जे मिळालं ते तिलाही तसंच मिळावं असं त्यांना वाटत होतं. तिच्या पायात जाड तळाचा बूट चढवता चढवता त्यांनी विचारलं, "समज, बुटाचा नंबर शून्य असला तर?"

"शून्य नंबरचा बूट कोण घालतं?"

"जन्माला यायच्या आधी तूच घालत होतीस. कर बघू."

ती करत गेली. दोन हजार चौदावर पोचली तेव्हा तिचीही पेन्सिल थांबली, पण मामांइतका वेळ नाही. तिने वर पाहिलं. "मामा, हे तर जुनं आहे. पंधरा पाहिजे." आणि तिने एक हजार चौदावर काट मारून वर एक हजार पंधरा लिहिलं, मग आपल्या दोन्ही पायांचं पुन्हा करून पाहिलं. २०९. १०९. मग स्वतःशीच म्हणाली, "आणि ज्याचा वाढदिवस उरलाय त्याचं एक कमी करायचं." जी ओळ मामांच्या कागदातून फाटून गेली होती, ती तिने दोन मिनिटांत लिहून दिली.

ते झाकण ती घेऊन गेली. खोकं दुकानातच राहिलं.

महिन्याभराने एक बाई दुकानात आल्या आणि बूटमामा कोण, असं विचारू लागल्या. शाळेत गणित शिकवते म्हणाल्या. मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "तक्रार आली." पण बाई मुलांच्या खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. ठकी वर्गात गणिताच्या तासाला कधी तोंड उघडत नसे. कवायतीच्या तासालाही काही ना काही कारण काढून भिंतीशी बसायची, बूट काढावे लागू नयेत म्हणून. तीच ठकी मधल्या सुट्टीत अख्ख्या वर्गाला त्यांच्या बुटांचे नंबर सांगत होती. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. एका मुलाने विचारलं, "तुझा नंबर किती?" ठकीने फळ्यावर दोन उत्तरं लिहिली आणि म्हणाली, "माझे दोन आहेत. म्हणून मला कळलं. तुम्हाला एकावरून कळलं नसतं."

"त्या दिवशी तिच्याभोवती मुलांचा गराडा होता," बाई म्हणाल्या. "पाय बघायला नाही. शंभर कुठून येतात ते समजून घ्यायला. तुम्ही एकदा शाळेत याल का?"

"मी दहावी नापास आहे, बाई. आणि तेही गणितातच."

"तेही सांगा मुलांना," बाई म्हणाल्या.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मामा गेले. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट, आणि धीर यावा म्हणून बरोबर मी. पहिली दहा मिनिटं बघवत नव्हती. एवढी मुलं, समोर एवढा मोठा फळा. मामा फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, खडू दोनदा मोडला. निम्म्या मुलांचे गुणाकारच चुकले, त्यामुळे कोणाचं वय साठ आलं, कोणाच्या बुटाचा नंबर एकतीस. मागच्या बाकांवर हशा सुरू झाला. मामांच्या मानेवर घामाची धार दिसत होती. मला वाटलं आता हे माघारी फिरतात.

मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातला फुलझाडाच्या कुंडीखालचा पाट उचलला, झटकला आणि पहिल्या बाकासमोर जमिनीवर टाकून त्यावर बसले. तिथून त्यांना समोर मुलांचे गुडघे आणि बूट दिसत होते. एकदम त्यांचा आवाज बदलला. दुकानातला आवाज आला.

"साठ कोणाचे आले? ये इकडे. आजोबा, तुम्ही नातवाच्या वर्गात काय करताय? दाखव बघू वही. हे बघ, वीसपट करताना तू नुसती दुप्पट केलीस, शून्य घरी विसरलास. मग बेरीज जन्मसालाहून लहान आली, म्हणून वजाबाकीही उलटी केलीस. शून्य विसरलं की माणूस असा म्हातारा होतो."

हशा पुन्हा झाला, पण वेगळा. मुलं उठून पुढे आली, काही जमिनीवर बसली. आपलं चुकीचं उत्तर दाखवायला चढाओढ लागली, कारण प्रत्येक चुकीवर मामा काहीतरी सांगत आणि ती कुठे झाली ते शोधून देत. बूट विकणाऱ्या माणसाला एक सवय असते. चालताना मूल कुठे अडखळतं ते बघून बूट कुठे चावतोय ते ओळखायचं. मामा पोरांच्या गणिताकडे तसंच बघायचे. तासाच्या शेवटी त्यांनी ती जादू शून्य नंबरने फोडून दाखवली. मला धाकधूक होती की गुपित कळलं की मजा जाईल. तसं झालं नाही. गुपित कळल्यावरच मुलं घरी जाऊन इतरांना करून दाखवायला धावली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मामा त्या शाळेत जाऊ लागले. बाईंनी त्यांना आणखी चार-पाच करामती शिकवल्या. त्यातली एक त्यांची फार आवडती होती. कुठलीही तीन आकडी संख्या लागोपाठ दोनदा लिहायची, म्हणजे सहा आकडे होतात. त्याला सातने भागायचं, आलेल्याला अकराने, आलेल्याला तेराने. कधी बाकी उरत नाही आणि शेवटी पहिली संख्या परत हजर. मामांना ते दोन महिने सुटलं नाही. ठकीने सोडवलं. तोवर ती सातवीत गेली होती आणि बूट घ्यायला आली होती. एका पायात बूट, एक पाय मोज्यात, अशा अवस्थेत तिने सात, अकरा आणि तेराचा गुणाकार केला, एक हजार एक. "संख्या दोनदा लिहिली म्हणजे आपण तिला एक हजार एकने गुणलंच की," ती म्हणाली. "मग तेच काढून घेतोय." मामा म्हणाले, "कपडे घालायचे आणि उतरवायचे." दोघांनाही ते पुरेसं होतं. मला समजायला घरी जाऊन वही घ्यावी लागली.

ठकी काही गणितात हुशार वगैरे झाली नाही, हे सांगितलं पाहिजे. बरी होती. भूमितीला घाबरायची. नववी संपली तेव्हा एक दिवस आईला न घेता एकटीच दुकानात आली, मुलांच्या खुर्चीवर बसली. आता तिचे गुडघे फार वर यायचे.

"मामा, पुढच्या वर्षी दहावी."

"हो ना. बघता बघता."

"तुम्ही पण बसा."

मामांना वाटलं ती खुर्चीबद्दल बोलतेय. मग कळलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. पन्नाशी आली, म्हणाले. लोक काय म्हणतील. आता कशाला हवाय तो कागद.

"कागदासाठी नाही," ठकी म्हणाली. "मला सोबत हवी."

ते नाही म्हणू शकले असते तर ते मामा कसले. बाहेरून परीक्षा द्यायचा अर्ज बाईंनी भरून दिला. गणित एवढाच विषय उरला होता. वर्षभर आठवड्यातून दोन संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या आधीचा तास, ती दोघं माळ्यावर अभ्यास करायची. मालकांनी हरकत घेतली नाही, उलट एक पंखा लावून दिला. खाली मला त्यांचे आवाज ऐकू यायचे. बीजगणितात मामा तिला धीर द्यायचे. भूमितीत दोघंही बुडत्याला बुडत्याचा आधार. "मामा, हा कोन दिसतोय ना समान? मग सिद्ध कशाला करायचा?" "मीही तेच म्हणतो. पण पुस्तक ऐकत नाही."

परीक्षेच्या दिवशी मामा सोळा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसले. पर्यवेक्षक त्यांना शिपाई समजून पाणी आणायला सांगत होते, असं त्यांनी आल्यावर सांगितलं. आणलं का, मी विचारलं. "आणलं की," म्हणाले. "मग म्हटलं, आता माझा पेपर द्या."

निकाल लागला तो दुकानाचा दिवस होता. ठकी बारा वाजता आली, हातात दोघांच्या निकालांचे छापील कागद. तिला एकाहत्तर. आईचं तोंड पेढा खाल्ल्यासारखं झालं होतं, ती सांगत होती. मग तिने दुसरा कागद मामांपुढे धरला. पासाला पस्तीस लागत. मामांना अडतीस.

दुकानात गिऱ्हाईक होतं, एका छोट्या मुलीच्या पायात अर्धा बूट होता. मामांनी आधी तो पूर्ण चढवला, लेस बांधली, टाच दाबून बघितली. मग उठून हात पुसले आणि कागद घेतला. मी बाजूला जाऊन उभी राहिले. मालक गल्ल्यावरून उठून आले.

"थोडेच कमी पडलेत चाळिसाला," ठकी म्हणाली. "फेरतपासणीला टाकूया का? भूमितीत चौदाच दिलेत. वाढतील."

"नको गं बाई," मामा घाबरून म्हणाले. "त्यांना पुन्हा तपासायला लावलं आणि कमी झाले म्हणजे?"

सगळे हसले. मामाही हसले, पण त्यांचं लक्ष कागदावरून हलत नव्हतं. खुर्चीवरच्या छोट्या मुलीच्या आईने विचारलं, कसला निकाल, तेव्हा मालकांनीच छाती काढून सांगितलं, आमचे मामा पास झाले. त्या बाईंना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी अभिनंदन केलं.

मामी त्या वेळी कामावर होती. मामांनी दुकानाच्या फोनवरून तिला फोन लावला. काजाच्या यंत्राचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता, मग तो थांबला.

"झालो पास," मामा म्हणाले. "हो. हो, खरंच. अडतीस. अगं, ऐक तर. बीजगणितात चोवीस आहेत. चाळिसातले चोवीस." मग थोडा वेळ ते नुसते ऐकत राहिले आणि डाव्या हाताच्या मुठीने डोळे पुसत राहिले. "रडतेस काय," म्हणाले. पलीकडून तिने काहीतरी विचारलं. मामांनी आमच्याकडे पाठ फिरवली आणि आवाज खाली आणला.

"भूमितीतले घरी आल्यावर सांगतो."